एका भात्यातील बाण

पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या हमरस्त्यावर, भीमा नदीच्या काठी राजगुरुनगर हे गाव वसलेले आहे. ह्या गावाचे जुने नाव खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू ह्यांचा जन्म १९०८ साली येथेच झाला आणि त्यांच्यावरूनच गावाला आजचे नाव मिळाले. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा गावाजवळून वाहत पुढे जाते. दक्षिणेकडे चाकणच्या माळावर मोटारींचे आणि यंत्रांचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. गावातील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी रोज सकाळी त्या कारखान्यांची वाट धरतो. त्याच घरांतून एखादा जुना हस्तव्यवसाय जाणणारी वडीलधारी माणसेही भेटतात. अशाच एका घरातील बारा वर्षांच्या मुलीची ही हकीकत आहे.

तिच्या शाळेत धनुर्विद्येचा वर्ग सुरू झाला होता. बांबूचे साधे धनुष्य, अंगठ्याएवढ्या जाडीची मूठ आणि पिळलेल्या धाग्याची दोरी, एवढेच तिचे साहित्य. मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध होता आणि त्याच्यापुढे गवताच्या पेंढ्यांचे लक्ष्य उभे केलेले होते. पाय कसे रोवावे, खांदे कसे ठेवावे, दोरी हनुवटीपर्यंत ओढून श्वास कसा स्थिर करावा, हे सारे तिने मन लावून शिकून घेतले. वीस मीटरांवरून ती रोज बाण सोडू लागली. परंतु दोन महिने झाले, तरी तिचे बाण एका ठिकाणी लागेनात. एक डावीकडे जाई, दुसरा उजवीकडे जाई, तिसरा पेंढ्यांना चाटून बांधात रुते. एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली, धनुष्य खुंटीला अडकविले आणि म्हणाली, “आजोबा, माझा हातच चांगला नाही. उद्यापासून मी जाणार नाही.”

आजोबांनी आयुष्यभर सुतारकाम केलेले होते. बाण मात्र त्यांनी कधी सोडला नव्हता. त्यांनी विचारले, “हात चांगला नाही, हे कशावरून ठरविलेस?”

“बाण कधी इकडे लागतो, कधी तिकडे लागतो, ह्यावरून.”

“कोणता बाण इकडे लागतो आणि कोणता तिकडे?”

मुलगी गप्प राहिली. तिच्या भात्यात सहा बाण होते आणि ते सारे तिला सारखेच वाटत होते. खरे पाहता त्यांतील तीन बाण वरच्या वर्गातील एका मुलाने दिलेले होते, दोन दुकानातून विकत आणलेले होते आणि एक शाळेच्या कपाटात सापडलेला होता. आजोबांनी एकेक बाण पाटावर ठेवून बोटाने लोळवला. कोणी सरळ लोळला, तर कोणी थडथड उडत गेला. एक बाण दुसऱ्यापेक्षा जाड होता. एकाचे पीस सुटू लागले होते.

आजोबा म्हणाले, “पट्टीच वाकडी असेल, तर रेघ सरळ यावयाची कशी? आणि रेघ वाकडी आली म्हणून हाताला दोष का द्यावयाचा? आधी पट्टी तपासू. मग हाताचे काय ते पाहू.”

त्यांनी प्रथम बाणांची लांबी मोजली. बाण किती लांब असावा, हे धनुष्यावरून ठरत नाही. ते बाण सोडणाऱ्याच्या हातांवरून ठरते. दोन्ही हात बाजूंना पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. म्हणजे दोरी साधारण कोठवर ओढली जाईल, ते कळते. मुलीच्या हातांचा पसारा १५० सेंटिमीटर भरला. त्याला अडीचने भागल्यावर ६० सेंटिमीटर आले. शिकणाऱ्या मुलाचा बाण ह्या मापाहून सहा-सात सेंटिमीटर तरी अधिक लांब असावा लागतो. कारण मुले वाढत असतात आणि उत्साहाच्या भरात दोरी थोडी अधिकही ओढली जाते. बाण आखूड असला, तर त्याचे टोक धनुष्याच्या मागे येते. त्या क्षणी दोरी सुटली, तर बाण धनुष्य धरलेल्या हातातच शिरण्याचा धोका असतो. तिच्या सहा बाणांपैकी एक केवळ ६१ सेंटिमीटर लांबीचा निघाला. आजोबांनी तो मुकाट्याने बाजूला काढला आणि म्हटले, “हा पुन्हा धनुष्यावर चढवावयाचा नाही.”

उरलेल्या पाच बाणांवर त्यांनी शाईने एक ते पाच असे आकडे घातले. मुलीला एक कोरी वही दिली. प्रत्येक बाण कोठे लागला, ते त्या वहीत लिहावयाचे आणि दहा फेऱ्या पूर्ण होईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाही, एवढेच त्यांनी तिला सांगितले.

चार दिवसांनी पन्नास बाणांची नोंद पुरी झाली. ती वाचताना मुलीला मोठे नवल वाटले. दुसऱ्या क्रमांकाचा बाण दहापैकी नऊ वेळा डावीकडे गेला होता. पाचव्या क्रमांकाचा बाण आठ वेळा उजवीकडे गेला होता. पहिला आणि चौथा हे दोघे बहुतेक वेळा मध्याजवळ लागले होते. तिसऱ्याचा मात्र काहीच नेम नव्हता. ज्याचे पीस सुटू लागले होते, तो हाच. हात तर पाचही बाणांना एकच होता. मग असे का व्हावे?

ह्याचे उत्तर बाणाच्या उड्डाणात आहे. धनुष्यावर चढविलेला बाण धनुष्याच्या एका अंगाला टेकलेला असतो. दोरी सुटली म्हणजे ती बाणाला मागून एकदम ढकलते आणि त्या दाबाने बाणाची काडी मध्ये वाकते. वाकलेली काडी धनुष्याला वळसा घालून बाहेर पडते, उलट दिशेने वाकते आणि अशी दोन्ही बाजूंना लहरत लहरत हळूहळू सरळ होते. हे सारे इतक्या थोड्या वेळात घडते, की डोळ्यांना ते दिसत नाही. क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९३० नंतरच्या वर्षांत अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने बाणांच्या गतीचा असा अभ्यास केला होता. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या मुलाचा बाण फार ताठ असला, तर तो पुरेसा वाकत नाही. तो धनुष्याला घासतो आणि डावीकडे जातो. फार लवचिक असला, तर गरजेपेक्षा अधिक वाकतो आणि उजवीकडे जातो. धनुष्याची ओढ जितकी जोरकस, तितका बाण ताठ लागतो. म्हणून एकाचा उत्तम बाण दुसऱ्याच्या धनुष्यावर निरुपयोगी ठरू शकतो.

हा ताठपणा मोजण्याची जुनी रीत क्रीडाशिक्षकांनी मुलीला सांगितली. एकमेकांपासून २६ इंचांवर, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटरांवर, दोन आधार ठेवावे. त्यांवर बाणाची काडी आडवी ठेवून तिच्या मध्यावर दोन पौंडांचे, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमचे वजन टांगावे. काडी किती खाली वाकते, ते मोजावे. धनुष्याची ओढ जितक्या पौंडांची असेल, त्या आकड्याने २६ ला भागले, की काडी किती इंच वाकावयास हवी ते मिळते. मुलीच्या धनुष्याची ओढ २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलोग्रॅमची होती. २६ भागिले २० म्हणजे १.३ इंच. तेव्हा तिचा बाण साधारणपणे ३.३ सेंटिमीटर वाकावयास हवा होता.

घरी येताच तिने दोन विटा मांडल्या आणि वजन टांगण्यास आरंभ केला. पहिला बाण ३.२ आणि चौथा ३.४ सेंटिमीटर वाकला. डावीकडे जाणारा दुसरा बाण केवळ २ सेंटिमीटर वाकला आणि उजवीकडे जाणारा पाचवा तब्बल ५ सेंटिमीटर वाकला! वहीतील नोंदी आणि विटांवरील प्रयोग ह्यांनी एकच साक्ष दिली. मुलीने खुंटीवरचे धनुष्य काढून पुसले. परंतु सरावाला जाण्यापूर्वी तिला एक काम करावयाचे होते. सहाही बाण सारखे हवेत, हे आता तिच्या ध्यानात आले होते.

रात्री तिचे वडील चाकणहून परतले. कारखान्यात तयार होणारे सुटे भाग मोजून पाहण्याचे काम ते करीत असत. मुलीचे बोलणे ऐकून ते म्हणाले, “आमच्या कामाचे मर्म हेच आहे. एका गाडीसाठी केलेला भाग त्या जातीच्या कोणत्याही गाडीत बसला पाहिजे. हजार भाग केले, तरी हजारही सारखे हवेत. जागतिक स्पर्धांतही बाणांविषयी असाच नियम आहे. एका खेळाडूचे सगळे बाण एकसारखे असावे लागतात. त्यांच्या पिसांचे रंग आणि खाचाही सारख्या असाव्या लागतात. इतकेच नव्हे, तर प्रत्येक बाणावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे लिहिलेली असतात.”

फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवांचे उदाहरण घ्या. शेतमजुरी करणाऱ्या घरातील हा मुलगा पुढे सैन्यात दाखल झाला आणि २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताकडून खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. अशा खेळाडूंचे बाण हलक्या आणि भक्कम कार्बनच्या तंतूंचे असतात व ते यंत्रावर तयार होतात. साध्या धनुष्यासाठी बांबूचे बाण हातांनी घडवावे लागतात. साहित्य आणि रीत भिन्न असली, तरी सारखेपणाचा नियम मात्र दोहोंना एकच आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबा नातीला घेऊन बुरूडकाम करणाऱ्या एका वृद्ध शेजाऱ्याकडे गेले. अंगणात सुपे, टोपल्या आणि डालगी रचून ठेवलेली होती. मुलीने विचारले, “काका, बाणासाठी कोणता बांबू घ्यावा?”

ते म्हणाले, “बाळ, टोपलीला कोवळा बांबू चालतो, कारण त्याची पाती वळवावयाची असतात. बाणाला तो चालत नाही. बाणाला तीन वर्षांचा जून कळक हवा. कोवळ्याचा रंग गर्द हिरवा असतो. जून झाला, की तो पिवळसर पडतो, अंगावर पांढरट डाग येतात आणि टिचकी मारली तर खणखणीत वाजतो. शिवाय तो हिवाळ्यात तोडून सावलीत वाळवलेला असावा. ओल्या कांबीचा बाण आज सरळ दिसला, तरी महिन्याने वाकडा होतो.”

त्यांच्यापाशी शेताच्या बांधावरचा, मागील हिवाळ्यात तोडलेला कळक होता. भीमाशंकरच्या रानात बांबू पुष्कळ आहे. परंतु १९८५ साली तेथे अभयारण्य झाले असून, तेथील झाडे-वेली तोडता येत नाहीत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मग त्यांनी एकाच कळकाचा एकच लांब तुकडा निवडला आणि कोयत्याने त्याच्या वीस कांबी चिरल्या. एकाच बांबूच्या शेजारशेजारच्या कांबींचे तंतू सारखे असतात आणि त्यांवरील पेरांच्या गाठीही एकाच ठिकाणी येतात. जपानमधील धनुर्धर बांबूचे बाण वापरतात, तेव्हा तेथील कारागीरही एका संचातील सर्व बाणांच्या गाठी एका ओळीत येतील, अशी काळजी घेतात.

“सहा बाणांसाठी वीस कांबी कशाला?” मुलीने विचारले.

“सारखे सहा मिळावेत म्हणून,” शेजारी हसून म्हणाले. “उरलेल्या फुकट जात नाहीत. टोमॅटोच्या रोपांना आधार लागतोच की!”

नंतर आजोबांच्या पडवीत काम सुरू झाले. लाकडाच्या एका फळीत त्यांनी लांब खोबण पाडली. खोबणीत कांब बसवून लहान रंध्याने ती प्रथम चौकोनी केली, मग अष्टकोनी, मग सोळा बाजूंची आणि शेवटी काचकागदाने गोल केली. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत दाटलेले असतात. म्हणून त्या बाजूने अगदी थोडेच तासावयाचे आणि आतल्या बाजूने अधिक तासावयाचे, असा क्रम त्यांनी ठेवला. जी काडी वाकडी वाटली, ती त्यांनी निखाऱ्यांच्या उबेवर धरली आणि गरम असतानाच हळूहळू दाबून सरळ केली. वडिलांनी पत्र्याच्या एका तुकड्यात दोन भोके पाडून दिली होती. एक ७.२ मिलिमीटरचे आणि दुसरे ६.८ मिलिमीटरचे. काडी मोठ्या भोकातून गेली पाहिजे, लहान भोकातून जाता कामा नये. दोन्ही भोकांतून जाणारी काडी बारीक ठरे, दोन्हींत अडकणारी काडी जाड ठरे. अशा रीतीने सात मिलिमीटरच्या आसपासच्या काड्या निवडून निघाल्या.

त्यांची पुन्हा विटांवर परीक्षा झाली. प्रत्येक वेळी सालीची बाजूच वर ठेवावयाची, हे मुलीने पहिल्या दोन चुकांनंतर लक्षात ठेवले. मग वजन करण्याची पाळी आली. किराणा दुकानातील तराजू ह्या कामी उपयोगाचा नाही. त्यासाठी सराफाचा नाजूक काटाच हवा. ओळखीच्या सराफाने कौतुकाने एकेक काडी तोलून दिली. वीस कांबींतून शेवटी आठ काड्या अशा उरल्या, की ज्यांच्या वजनात एका ग्रॅमहून अधिक फरक नव्हता आणि ज्यांचे वाकणेही जवळजवळ सारखे होते. सहा बाणांसाठी आणि दोन मोडतोडीसाठी राखून, असा हिशेब जमला. काड्या ६७ सेंटिमीटरांवर कापण्यात आल्या. एका टोकाला प्रत्येकी पाच ग्रॅमची लोखंडी टोपी बसविली. दुसऱ्या टोकाला कानशीने दोरीपुरती खाच पाडली आणि खाचेखाली रेशमी दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन वर सरसाचा हात फिरविला. वेढे नसतील, तर दोरीच्या धक्क्याने काडी खाचेतच चिरते.

आता उरली ती पिसे. बाणाला पिसे का लावतात? बाणाचे शेपूट उड्डाणात एका बाजूला सरकू लागले, म्हणजे पिसांच्या रुंद पृष्ठभागावर वारा आदळतो आणि तो शेपटाला पुन्हा मागे ओळीत ढकलतो. पतंगाच्या शेपटाने पतंग जसा सावरतो, तसाच हा प्रकार आहे. पिसे नसलेला बाण थोड्याच अंतरावर आडवा-तिडवा होतो.

प्राचीन काळीही हे ज्ञान होते. संस्कृतात बाणाच्या पिसे लावलेल्या भागाला ‘पुंख’ म्हणतात. ‘शर’ हा शब्द बाणालाही लावतात आणि ज्या गवताच्या काडीपासून बाण होत, त्या गवतालाही लावतात. ‘कंकपत्र’ हे बाणाचे एक नाव आहे. कंक नावाच्या पक्ष्याची पिसे लावलेला, असा त्याचा अर्थ. सातपुड्यातील भिल्ल आजही बांबूचे धनुष्य करतात आणि त्याची दोरीदेखील बांबूच्या पातळ पट्टीची असते. त्यांच्या तिरांनाही पिसे दोऱ्याने बांधलेली असतात.

मुलीने शेताच्या कडेला सापडलेले घारीचे एक मोठे पीस जपून ठेवले होते. ते तिने पुढे केले. आजोबांनी मात्र मान हलविली. पूर्वी बाणांना घारीची आणि गिधाडाची पिसे लावीत, हे खरे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांना अभय दिलेले आहे. गिधाडांवर तर मोठेच संकट कोसळले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक नावाच्या औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेला आणि थोड्या वर्षांत ती फार मोठ्या संख्येने मेली. त्यामुळे २००६ साली भारतात गुरांसाठी त्या औषधाच्या वापरावर बंदी आली. “आपल्या खेळासाठी रानपाखराचे पीस नको. पाळलेल्या पक्ष्याचे झडलेले पीस पुरे,” आजोबा म्हणाले. जवळच्या वाडीवर एकाने टर्की कोंबड्या पाळल्या होत्या. तेथून पंखांची झडलेली लांब पिसे मिळाली. छातीची पिसे मऊ असतात. बाणाला पंखांची पिसे चांगली, कारण ती ताठ असतात.

ती पिसे पाटावर पसरताच मुलीच्या एक गोष्ट ध्यानात आली. काही पिसे एका बाजूला वळलेली होती आणि काही दुसऱ्या बाजूला. डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची पिसे अशीच परस्परांच्या उलट वळणाची असतात. एका बाणाला दोन्ही पंखांची पिसे मिसळून लावली, तर एक पीस बाणाला एका दिशेने फिरवू पाहते आणि दुसरे उलट दिशेने. त्यामुळे बाण बिथरतो. म्हणून एका बाणाची तिन्ही पिसे एकाच पंखाची असावी लागतात. जपानमध्ये तर दोन बाणांची जोडी करतात. त्यांतील एका बाणाला एका वळणाची पिसे लावतात आणि दुसऱ्याला उलट वळणाची. त्यामुळे ते दोन बाण हवेत परस्परांच्या उलट दिशेने फिरतात. मुलीने मात्र आपल्या सर्व बाणांसाठी डाव्या पंखाचीच पिसे वेचून काढली.

आजोबांनी धारदार पात्याने पिसाचा दांडा मधोमध उभा चिरला आणि काचकागदावर घासून तो सपाट केला. प्रत्येक तुकडा दहा सेंटिमीटर लांबीचा कापला. तिन्ही पिसे काडीभोवती सारख्या अंतरावर कशी बसवावीत, हा प्रश्न मुलीने सोडविला. तिने कागदाची पट्टी काडीभोवती गुंडाळून परीघ मोजला. तो २२ मिलिमीटर भरला. त्याचे तीन सारखे भाग करून पट्टीवर खुणा केल्या आणि त्या काडीवर उतरविल्या. खाचेच्या टोकापासून अडीच सेंटिमीटर जागा बोटांसाठी मोकळी सोडली. तीन पिसांपैकी एक लाल रंगविले आणि ते खाचेशी काटकोनात बसविले. हे पीस धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवले, म्हणजे उरलेली दोन धनुष्याला कमीत कमी घासतात. सरस वाळेपर्यंत कोणीही बाणांना हात लावला नाही. शेवटी प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकावर दोऱ्याचे वेढे दिले. कारण तो दांडा मोकळा राहिला, तर बाण सुटताना हाताला ओरखडा काढतो.

तयार झालेला बाण बोटावर तोलून पाहिला, तेव्हा तो मध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर टोकाच्या बाजूला समतोल राहिला. बाण पुढच्या अंगाला असा जड असावा लागतो, म्हणजे तो सरळ जातो. सहाही बाण त्याच जागी तोलले गेले. आजोबांनी एकच ताकीद दिली, “प्रत्येक वेळी बाण सोडण्यापूर्वी तो कानाजवळ धरून थोडा वाकवून पाहावयाचा. कुरकुर ऐकू आली किंवा चीर दिसली, तर तो मोडून टाकावयाचा. चिरलेला बाण हातात फुटतो. आणि समोर कोणी माणूस वा जनावर असताना दोरीला हात लावावयाचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर दव पडलेले होते. मुलीने एकेक बाण वाकवून, ऐकून पाहिला. मग तिने पाय रोवले, दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि एकापाठोपाठ एक असे सहा बाण सोडले. क्रीडाशिक्षकांची खूण होताच ती लक्ष्याकडे धावत गेली. सहाही बाण एका थाळीत मावतील, इतक्या जवळ जवळ रुतलेले होते. परंतु ते मध्यावर नव्हते. सारेच्या सारे मध्यापासून वीतभर खाली लागलेले होते. तिने पुन्हा सहा बाण सोडले. तेही खालीच लागले.

संध्याकाळी ती धावतच घरी आली. “आजोबा, आज सगळे बाण खाली लागले!”

“मग इतका आनंद कसला?”

“सगळे एकाच जागी लागले ना! आता बाणांत फरक नाही. तेव्हा चूक माझी आहे. सरांनी पाहून सांगितले, की बाण सुटण्याआधीच माझा डावा हात खाली येतो.”

“म्हणजे हात चांगला नाही, असेच ना?”

“नाही आजोबा,” मुलगी म्हणाली, “हाताला अजून शिकवावयाचे आहे.”

आजोबांनी पडवीतील रंधा पुसून कोनाड्यात ठेवला. मुलीने वहीचे नवे पान उघडले आणि त्यावर तारीख घातली.

स्वाध्याय

१. मुलीचे बाण एका ठिकाणी का लागत नव्हते? पाठात आलेली तीन कारणे लिहा.
२. ‘पट्टीच वाकडी असेल, तर रेघ सरळ यावयाची कशी?’ हे आजोबांचे बोलणे बाणांना कसे लागू पडते?
३. आखूड बाण धोक्याचा का असतो? आपल्या दोन्ही हातांचा पसारा मोजा आणि आपल्यासाठी किती लांबीचा बाण योग्य होईल, ते काढा.
४. वडिलांचे कारखान्यातील काम आणि बाण तयार करण्याचे काम ह्यांत कोणते साम्य आहे?
५. सगळे बाण खाली लागूनही मुलीला आनंद का झाला? आपल्या शब्दांत लिहा.
६. आपल्या गावातील सुतार, बुरूड, लोहार किंवा दुसऱ्या एखाद्या कारागिराला भेटा. तो आपले साहित्य कसे पारखतो, ते विचारून दहा ओळी लिहा.